वाढदिवसाचा जमाखर्च

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘सोसायटीच्या आर्थिक वाटचालीचा आढावा’ लिहून द्या, असं संपादक मंडळाने मला सांगितलं होतं. अडतीस वर्षं बँकेत खर्डेघाशी केलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा ठेवणार! पण सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, थकबाकी वगैरे सगळं सचिवांच्या अहवालात आलेलंच आहे. तेच पुन्हा वाचायला लावून आपल्याला शिक्षा करण्याची माझी इच्छा नाही.

त्या आढाव्यासाठी ऑफिसातली जुनी दप्तरं काढली, तेव्हा हॉल-बुकिंगचं रजिस्टर हाती लागलं. तारीख, सभासदाचं नाव, कारण, पावती क्रमांक, सही. सवयीने मी बेरजा करायला बसलो. २००१-०२ साली, म्हणजे हॉल बांधून झाल्यावरच्या पहिल्या पूर्ण वर्षात, हॉल ६४ वेळा दिला गेला. त्यांपैकी ४१ वेळा ‘कारण’ या रकान्यात लिहिलं आहे : मुलाचा वाढदिवस, मुलीचा वाढदिवस. गेल्या वर्षी हॉल २९ वेळा दिला. त्यात वाढदिवस किती? तीन.

सोसायटीत मुलं राहिली नाहीत असं म्हणावं, तर रोज सकाळी दूध आणायला जाताना गेटवर स्कूलबसची वाट बघणारी तीस-पस्तीस मुलं मी स्वतः मोजतो. मग यांचे वाढदिवस गेले कुठे? या प्रश्नाच्या मागे लागलो आणि आर्थिक आढावा बाजूलाच राहिला. संपादक मंडळाने क्षमा करावी.

चिरंजीव आणि एक जून

सोसायटीच्या स्थापनादिनाला आपण ‘वर्धापनदिन’ म्हणतो. हा शब्द मुळात माणसाच्या वाढदिवसाचा आहे. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधू’ लिहिला, त्यात बाळाच्या वर्धापनाचा विधी दिलेला आहे. मार्कंडेयाची पूजा करायची. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृपाचार्य आणि परशुराम या सात चिरंजीवांचं स्मरण करायचं. षष्ठीदेवीला दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि तीळ-गूळ घातलेलं दूध प्यायचं. मुलाच्या नावाआधी आपण ‘चि.’ लिहितो, त्याचा अर्थ या सात जणांसारखं दीर्घायुष्य लाभो, असाच. देवी, गोवर, घटसर्प यांतून पोर वाचून एक वर्ष पुढे सरकलं, हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. त्या दिवशी काय करू नये, तेही सांगून ठेवलं आहे. नखं-केस कापू नयेत, प्रवास करू नये आणि कलह करू नये. यातला शेवटचा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा, मला पुढे लागणार आहे.

या सगळ्याचा खर्च काढला तर वाटीभर दूध, चिमूटभर तीळ, गुळाचा खडा आणि दहीभात. मीही याच अंदाजपत्रकात वाढलो. माझा जन्म १९५१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. तिथीने वाढदिवस व्हायचा. सकाळी आंघोळ, पाटाभोवती रांगोळी, तबकात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. आई ओवाळायची, मग शेजारच्या दोन घरांतल्या काकू ओवाळायच्या आणि जाताना हातावर खोबऱ्याची वडी ठेवायच्या. पाहुणे नाहीत, भेटी नाहीत. १९६५ साली तर माझी तिथी नेमकी सोमवारी आली. शास्त्रीजींनी देशाला सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलेलं, आणि वडील प्राथमिक शिक्षक, म्हणजे सरकारच्या शब्दाबाहेर जाणं शक्यच नाही. आईने सकाळीच खीर करून प्रश्न मिटवला.

वडिलांचा आणि वाढदिवसांचा आणखी एक संबंध होता. जूनमध्ये शाळा सुरू झाली, की पालक मुलाला हाताला धरून आणायचे. जन्मतारीख विचारली, तर उत्तर यायचं, ‘मोठा पाऊस झाला त्या साली, भाताच्या लावणीच्या वेळी.’ वडील मुलाच्या दातांकडे आणि उंचीकडे बघून साल ठरवायचे आणि तारीख लिहायचे १ जून. महाराष्ट्रातल्या हजारो शाळांमध्ये हेच झालं. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा झाला तो १९६९ साली. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांचा कागदोपत्री वाढदिवस म्हणूनच १ जूनला असतो. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे ३१ मे आला, की आमच्या शाखेतलं पेन्शनचं टेबल वाकून जायचं. आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या यादीतही सात जण १ जूनचे आहेत. या सर्वांना वडिलांसारख्या कुठल्या तरी गुरुजींनी वाढदिवस बहाल केला, तोही विनाशुल्क.

केक आला

तारखेने वाढदिवस करायची पद्धत शाळेच्या दाखल्याबरोबर आली आणि केक आला शहराबरोबर. वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या लावायची चाल मूळची जर्मनीतली, अठराव्या शतकापासूनची. ‘हॅपी बर्थडे’ची चाल अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या हिल आडनावाच्या दोन बहिणींची. त्यांनी १८९३ साली ती छापली, तेव्हा ते बालवाडीतल्या मुलांना ‘सुप्रभात’ म्हणायचं गाणं होतं. वाढदिवसाचे शब्द नंतर चिकटले. गंमत म्हणजे या चार ओळींचे हक्क एका कंपनीकडे होते आणि सिनेमात गाणं घ्यायचं तर तिला पैसे मोजावे लागत. २०१५ साली अमेरिकेतल्या कोर्टाने कंपनीचा दावा फेटाळला आणि पुढच्या वर्षी गाणं सर्वांना मोकळं झालं. आम्ही मात्र डोंबिवलीच्या चाळीत ते आधीपासूनच फुकट म्हणत होतो.

मराठी मध्यमवर्गात केक थोडा दबकतच शिरला. अंड्याची अडचण होती. इराण्याच्या बेकरीतला मावा केक बाहेर खाल्लेला चालायचा, घरात औक्षणाच्या तबकाशेजारी नको. यावर बायकांनी तोड काढली. दुधाच्या डब्यातल्या मिल्कमेडचा बिनअंड्याचा केक, आणि ओव्हन नसल्यामुळे तो भाजायचा कुकरमध्ये. कुकरच्या तळाशी वाळू पसरायची, झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी काढून ठेवायची, मंद आचेवर चाळीस-पन्नास मिनिटं. आमच्या मजल्यावर एकीकडे अ‍ॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन होता. तो वर्षभर या घरातून त्या घरात फिरत असे आणि मालकिणीलाच हवा असेल तेव्हा शोधावा लागे.

आमच्या गिरणगावातल्या आणि उपनगरांतल्या चाळींचं सगळं अर्थशास्त्र या ओव्हनमध्ये आहे. आरेचं दूध कार्डावर मिळायचं, ठरलेल्या बाटल्याच मिळायच्या. कुणाकडे वाढदिवसाची खीर किंवा बासुंदी असली, की आदल्या दिवशी शेजारच्या दोन कार्डांवरचं दूध त्या घरी जायचं. रेशनची साखर वाटीने फिरायची. शाळेत वाटायला रावळगावच्या गोळ्या असायच्या. वालचंद हिराचंदांनी मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला १९३३ साली उभ्या केलेल्या साखर कारखान्याचं हे अपत्य. पुढे रसना आली. पाच रुपयांच्या पाकिटात बत्तीस ग्लास, ही जाहिरात मुलांपेक्षा आमच्यासारख्या पगारदारांना जास्त पाठ होती. बत्तीस ग्लास म्हणजे ग्लासमागे साखर धरूनही काही पैसेच. ज्याने कुणी हा आकडा जाहिरातीत घातला, त्याला मध्यमवर्ग बरोबर कळला होता.

तेवीस रुपये चाळीस पैसे

आता स्वतःचा एक हिशेब मांडतो. साल १९८४, डोंबिवलीतल्या चाळीत दोन खोल्या. माझी तेव्हा क्लार्कची नोकरी आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाचं कर्ज पगारातून कापलं जायचं. आमच्या चिरंजीवांचा सहावा वाढदिवस महिन्याच्या २४ तारखेला आला. २४ तारीख म्हणजे काय, हे पगारदारांना सांगायला नको. औक्षण करायचं, शिरा करायचा, शाळेत गोळ्या द्यायच्या, असं ठरलं होतं.

चिरंजीव पंधरा दिवसांपूर्वी वर्गातल्या एका मुलाच्या पार्टीला जाऊन आलेले. कागदी टोप्या, फुगे, केक, सगळं बघून आलेले. त्यांनी घरी काही न विचारता वर्गात जाहीर करून टाकलं, ‘माझ्याकडे पण पार्टी आहे, पाच वाजता या.’

पाच वाजता दारात अकरा मुलं उभी. इस्त्रीचे कपडे, तेल लावून पाडलेला भांग, हातात वर्तमानपत्राच्या रंगीत पुरवणीत गुंडाळलेले खोडरबर आणि पेन्सिली. सौ. एकटी घरी. मी अजून ऑफिसात.

पुढचं मला शेजाऱ्यांनी सांगितलं. सौ.ने मुलांना आत घेतलं, ‘बसा रे बाळांनो’ म्हणाली आणि गॅलरीत जाऊन नुसती उभी राहिली. समोरच्या काकूंनी तिचा चेहरा बघितला आणि काही न विचारता आपल्या घरातला चिवड्याचा डबा आणून ठेवला. वरच्या मजल्यावरून कुरमुरे आणि चिंचेची चटणी आली, भेळ झाली. कोपऱ्यातल्या घरातून रसनाचं पाकीट आलं, ते पितळी कळशीत कालवलं. एका आजोबांनी मुलांना अंगणात नेलं आणि गोणपाट टाकून, स्वतः टाळ वाजवत, खुर्च्यांशिवाय संगीत खुर्ची घेतली. केकची वेळ आली, तेव्हा सौ.ने पातेल्यातला शिरा ताटात मूद पाडून उपडा केला, वर बेदाणे लावले आणि मधोमध एक मेणबत्ती रोवली. छोटी रंगीत मेणबत्ती कुठून आणणार! वीज गेल्यावर लावायची, वीतभर लांबीची, ती पांढरी मेणबत्ती. अकरा मुलांनी आणि निम्म्या चाळीने टाळ्या वाजवल्या.

मी साडेसातला घरी पोहोचलो, तेव्हा मुलं निघून गेलेली आणि शेजारणी भांडी विसळत होत्या. त्यांच्यासमोर काही बोललो नाही. त्या गेल्यावर वही काढली. वाण्याकडून उधार आणलेलं फरसाण, बर्फ, लिंबं, जादा रॉकेल. एकूण तेवीस रुपये चाळीस पैसे. शेजाऱ्यांनी जे दिलं, ते मी वहीत लिहिलं नाही, कारण त्याला भाव नव्हता. वहीतल्या आकड्याकडे बघून मी मुलाला उभं केलं आणि नको ते बोललो. ‘ऐपत बघून माणसं बोलवावीत,’ हे सहा वर्षांच्या पोराला सांगितलं. हातही उगारला. ज्या दिवशी कलह करू नये असं शास्त्र सांगतं, त्याच दिवशी.

तो रडला नाही. पुढच्या वर्षी वाढदिवस जवळ आला, तेव्हा तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “बाबा, यंदा माझा वाढदिवस पगार झाल्यावर करूया का?”

माझ्या वडिलांनी परक्या मुलांना तारखा दिल्या. मी माझ्या मुलाची तारीख काढून घेतली होती.

रजिस्टरमधला उतार

१९९९ साली आपली सोसायटी नोंदली गेली आणि २००१ मध्ये हॉल तयार झाला, तेव्हा मी खजिनदार होतो. हॉलचं भाडं ठरवायच्या सभेत मी एवढाच आग्रह धरला, की लहान मुलांच्या वाढदिवसाला एक्कावन्न रुपये घ्यावेत. झाडलोट आणि विजेपुरते. कारण सांगितलं नाही. ते आज सांगितलं.

त्या ४१ वाढदिवसांचा तपशील जुन्या सभासदांना आठवत असेल. पताका एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी जायच्या. गणेशोत्सवाची स्टीलची ताटं-वाट्या वापरायची. बटाटेवडे घरचे, केक कधी विकतचा तर कधी घरचा. निमंत्रण म्हणजे नोटीस बोर्डावर खडूने लिहिलेली एक ओळ : ‘आज ६ वा., सर्व मुलांनी यावे.’ ‘सर्व’ म्हणजे वॉचमनची दोन मुलंसुद्धा.

दरम्यान बाहेरचं जग बदलत होतं. १९९६ साली वांद्र्याला मॅकडोनाल्ड्स आलं आणि वाढदिवस ही विकत घ्यायची वस्तू झाली. जागा त्यांची, खाणं त्यांचं, माणशी दर ठरलेला. पुढे मॉल आले, खेळायच्या जागा आल्या, ‘थीम’ आली, आणि येणाऱ्या मुलांना उलट भेट द्यायची ‘रिटर्न गिफ्ट’ची पद्धत आली. माझ्या मते खरा खर्च वाढला तो इथे, कारण भेट आणि उलट भेट यांची बरोबरी साधायची तर दोन्हीकडचे आकडे चढतच जातात.

पण सगळा दोष बाहेरच्यांना देणं रजिस्टर मला देऊ देत नाही. २०१३ च्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला, की ‘हॉल सर्व समारंभांना एकाच दराने, रुपये २,०००, अनामत ३,०००.’ गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बी विंगची लिफ्ट समोर उभी होती, पैसा हवा होता. सूचक म्हणून त्या ठरावाखाली सही माझी आहे. आदल्या वर्षीचे २६ वाढदिवस त्या वर्षी नऊवर आले. एक्कावन्नच्या दराने तेराशे सव्वीस मिळाले होते, नव्या दराने अठरा हजार मिळाले. ताळेबंदात फायदा दिसला आणि मी खूश झालो. जे सतरा वाढदिवस हॉलमध्ये झाले नाहीत, त्यांचा रकाना ताळेबंदात नसतो.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. त्या एप्रिलमध्ये ए विंगमधल्या एका बाळाचा पहिला वाढदिवस होता. आई-बाप त्याला घेऊन गॅलरीत उभे राहिले. तिन्ही विंगच्या बायकांनी आपापल्या गॅलरीतून निरांजन ओवाळलं, मुलांनी ताटल्या वाजवल्या आणि सगळ्यांनी एका सुरात, खरं म्हणजे पन्नास सुरांत, गाणं म्हटलं. खर्च शून्य. त्या दिवशी अंगावर काटा आला नाही, असा सभासद मला दाखवा.

आणि ही गेल्या महिन्यातली गोष्ट. सी विंगमधल्या एक सूनबाई लिफ्टमध्ये भेटल्या. सोबत त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी. मी सहज विचारलं, “काय गं, तुझा वाढदिवस होऊन गेला ना?” आईच उत्तरली, “यंदा नाही केला, काका. बाहेर पंचवीस हजार सांगत होते. ह्यांची नोकरीही बदलायची आहे. घरात दहा मुलं मावत नाहीत. हिला म्हटलं, आपण दोन दिवस गावाला जाऊ, म्हणजे कुणी विचारायला नको.” मुलगी लिफ्टची बटणं बघत होती. तो चेहरा मी चाळीस वर्षांपूर्वी एकदा पाहिला होता.

ठरावाचा मसुदा

वाढदिवस स्वस्तात कसा करावा, असं तरुण आई-बाप हल्ली एकमेकांना विचारतात. बँकवाला म्हणून माझं उत्तर सोपं आहे. दूध-गुळाच्या वाटीपासून शिऱ्याच्या मुदीपर्यंत वाढदिवस कायम स्वस्तच होता, कारण त्याचा अर्धा भार शेजारी उचलत होते. जागा अंगणाची, ताटं सार्वजनिक, ओव्हन दुसऱ्याचा, गाणी म्हणायला सगळे. हे सगळं विकत घ्यायला गेलं, की पंचवीस हजार होतात. आपल्याकडे हॉल आहे, गणपतीची ताटं-वाट्या माळ्यावर आहेत आणि माणसं तर आहेतच. २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोलच्या प्लेट्स गेल्याच आहेत, तेव्हा ती स्टीलची ताटं खाली काढायला निमित्तही आहे.

म्हणून स्मरणिकेतल्या लेखाच्या शेवटी सहसा नसतं, ते मी देत आहे. येत्या सर्वसाधारण सभेसाठी ठरावाचा मसुदा :

‘बारा वर्षांखालील मुलांच्या वाढदिवसासाठी सोसायटीचा हॉल संध्याकाळी दोन तास, रुपये १०१ मात्र आकारून, अनामतीशिवाय देण्यात यावा. ताटं-वाट्या विनामूल्य. निमंत्रण नोटीस बोर्डावर, सर्व मुलांना. भेट आणि उलट भेट नाही.’

यात सोसायटीचं नुकसान किती? गेल्या वर्षीच्या तीन वाढदिवसांचे मिळून सहा हजार आले होते. एकूण जमेच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे, हे मी खातेवही बघूनच लिहितो आहे. आणि त्यापेक्षा कमी पडलं, तर पहिल्या वर्षाची तूट माझ्या पेन्शनमधून भरून देण्याची माझी तयारी आहे.

आमचे चिरंजीव आता छेचाळीस वर्षांचे आहेत. मध्यंतरी त्यांनी फोन करून सौ.ला विचारलं, शिऱ्याची मूद मोडू नये म्हणून तू काय करायचीस? नातवाचा वाढदिवस होता. मी फोन हातात घेतला आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्या रात्रीबद्दल विचारलं. म्हणाले, “मला फक्त ती मोठी मेणबत्ती आठवते, बाबा.” खरं असेल किंवा माझी समजूत घालत असतील.

२०१३ च्या ठरावाचा सूचक मी होतो. हा नवा ठरावही मीच मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.